एपीआय प्रॉक्सीतील एसएसआरएफ : मनाई यादी, परवानगी यादी की स्वतंत्र निर्गम प्रॉक्सी?

ग्राहकाने दिलेला यूआरएल आपल्या सर्व्हरने उघडून आलेले उत्तर त्याला परत देणे, हे अनेक एपीआय प्रॉक्सींचे नेहमीचे काम असते. मात्र त्या जागी कोणी १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता दिला, तर क्लाउडवरील सर्व्हर स्वतःच्याच मेटाडेटा सेवेकडून (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती व किल्ल्या पुरवणाऱ्या, त्या पत्त्यावरील अंतर्गत सेवेकडून) तात्पुरत्या किल्ल्या मागून घेऊन त्या परक्याच्या हाती देऊ शकतो. अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या १० कोटींहून अधिक ग्राहकांची व अर्जदारांची माहिती २०१९ मध्ये उघड झाली, तीही अशाच वाटेने. या दोषाला सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी, थोडक्यात एसएसआरएफ, म्हणतात.

मनाई यादी, म्हणजे अंतर्गत पत्ते ओळखून नाकारणे, लिहायला सर्वांत सोपी आहे, पण केवळ तिच्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १२७.०.०.१ हाच पत्ता २१३०७०६४३३ असा एका आकड्यातही लिहिता येतो. शिवाय तपासणीच्या वेळी सार्वजनिक पत्ता सांगणारे डोमेन नाव प्रत्यक्ष जोडणीच्या क्षणी अंतर्गत पत्ता सांगू शकते, आणि निर्धोक वाटणारा सर्व्हर ३०२, म्हणजे ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असे, उत्तर देऊन आपल्या प्रॉक्सीला आतल्या सेवेकडे वळवू शकतो.

आपली प्रॉक्सी ठरावीक पाच-दहा सेवांशीच बोलणार असेल, तर परवानगी यादी, म्हणजे आधी ठरवलेलेच पत्ते स्वीकारणे, निवडावी आणि ग्राहकाकडून यूआरएल न घेता केवळ सेवेचे सांकेतिक नाव घ्यावे. यूआरएल घ्यावाच लागला, तर तो अमुक अक्षरांनी सुरू होतो एवढेच पाहणे पुरेसे नसते, कारण ओळखीच्या नावापुढे @ लिहून खरा होस्ट त्यानंतर देता येतो.

वेबहुकसारख्या, म्हणजे एखादी घटना घडताच ग्राहकाच्या पत्त्यावर सूचना पाठवणाऱ्या, सुविधेत मात्र पत्ता ग्राहकच ठरवतो, त्यामुळे परवानगी यादी तेथे चालत नाही. अशा ठिकाणी स्ट्राइप या पेमेंट कंपनीने मुक्त स्रोत म्हणून दिलेल्या स्मोकस्क्रीनसारखी निर्गम प्रॉक्सी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या विनंत्या जिच्यातून जातात अशी मधली सेवा, मला अधिक भरवशाची वाटते. नावाचा आयपी पत्ता ती स्वतः शोधते, तपासते आणि त्याच पत्त्याशी जोडणी करते; त्यामुळे तपासणी आणि जोडणी यांच्यात फट उरत नाही, आणि पुनर्निर्देशनानंतरची विनंतीही तिच्यातूनच जात असल्याने पुन्हा तपासली जाते. त्यासाठी आणखी एक सेवा सांभाळावी लागते आणि थेट बाहेर जाणारी वाट फायरवॉलने बंद करावी लागते; ती उघडी राहिली, तर हा सारा खटाटोप वाया जातो.

यांपैकी काहीही निवडले तरी एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करावी. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या आवृत्तीत आधी पुट या वेगळ्या पद्धतीची विनंती करून टोकन, म्हणजे तात्पुरती परवान्याची खूण, मिळवावे लागते, त्यामुळे यूआरएल उघडताना होणाऱ्या साध्या गेट विनंतीने किल्ल्या मिळत नाहीत. परंतु विनंतीची पद्धत आणि हेडर ग्राहकाच्या इच्छेप्रमाणे पुढे पाठवणाऱ्या प्रॉक्सीतून टोकनही मागता येते. विनंती प्रॉक्सीमार्फत आल्याचे दाखवणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर असलेली टोकनची मागणी ही सेवा फेटाळते, म्हणून आपली प्रॉक्सी तो हेडर खरोखर जोडते का, हे आधी तपासून पाहावे.