दोन दाढांमधली फट: पांढरं फिलिंग वापरल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या शेवटी खालची उजवीकडची दाढ भरून घेतली. कीड दोन दाढांच्या मधल्या बाजूने आत शिरली होती, पण नसेपर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे रूट कॅनॉल आणि कॅपचा खर्च वाचला आणि १,८०० रुपयांत दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरून झालं. आता थंडी पडायला लागली आहे. मधल्या काळात या दाढेने बरंच काही दाखवलं. ते सविस्तर लिहिते आहे, कारण दाढ भरल्यानंतर कसलीही तक्रार घेऊन गेलं की "होईल सवय" एवढंच ऐकायला मिळतं. काही त्रास खरंच आपोआप जातात. काही मात्र जात नाहीत, आणि ते सोसत बसूही नयेत.

भूल उतरली त्या रात्रीच जेवताना लक्षात आलं की ही दाढ बाकीच्या दातांच्या आधी टेकते. खुर्चीत असताना निळा कागद ठेवून "चावून बघा" म्हणतात खरं, पण अर्धा जबडा बधिर असतो, तो कुठे टेकतोय याचा आपल्याला पत्ताच लागत नाही. तेवढासा उंचवटा राहून जातो, प्रत्येक घासाचा भार त्या एका जागी येतो आणि मग दाढ चावताना ठणकायला लागते. याला औषध गोळी नव्हे. परत जायचं, कागदाची खूण जिथे गडद उमटेल तिथे किंचित घासून घ्यायचं. माझं काम काही मिनिटांत झालं, पैसे घेतले नाहीत. याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका, तो भरण्याच्या कामाचाच भाग आहे.

दुसरा त्रास गार पाण्याचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात माठाचं पाणी प्यायचं नाही म्हणजे शिक्षाच, आणि पहिल्या घोटाला अशी सणक जायची की डोळ्यांत पाणी यायचं. दाताच्या आतल्या थरात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. गार लागलं की तो द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाखाली कडक होताना थोडं आकसतं. ते पातळ थरांत न भरता एकदम भरलं किंवा नीट चिकटलं नाही, तर खाली सूक्ष्म पोकळी राहते आणि सणक वाढते. मी पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरली, पावसाळा लागेपर्यंत त्रास बहुतेक गेला. यात बघायचं एकच. गार घोट गिळल्यावर सणक लगेच थांबत असेल तर काही आठवडे वाट पाहता येते. ती रेंगाळायला लागली, गरम चहानेही कळ यायला लागली किंवा रात्री झोपेतून उठवणारा ठणका सुरू झाला, तर नस दुखावली आहे असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे काटकसर करू नका.

आता मुख्य गोष्ट. दोन दाढांमधली फट.

आमच्याकडे जेवणात शेंगाची चटणी असतेच, सोबत कडक भाकरी. फिलिंगनंतर रोज जेवण झालं की त्या दोन दाढांच्या मधे चटणीचा कूट घट्ट बसलेला. मेथीची काडी अडकली तर जीभ दिवसभर तिथेच. खळखळून चूळ भरून तो निघत नाही, ब्रश तिथे पोचत नाही, आणि टूथपिकने हिरडी आणखी खाली जाते. पोरं झोपली की मी आरशासमोर दातांमधून फिरवायचा धागा (फ्लॉस) घेऊन उभी. इतर दातांमधे धागा घालताना जोर लागतो, मग तो टक् करून आत जातो. इथे तो नुसता घसरायचा, मधे काहीच लागायचं नाही. बाहेर काढला की त्याला कुजका वास. पुढे हिरडी लाल झाली, धाग्यावर रक्त दिसू लागलं.

ज्यांनी दाढ भरली होती त्यांच्याकडे गेले. त्यांनी आरसा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "फिलिंग एकदम छान आहे मॅडम, ब्रश नीट करा, सवय होईल." मी म्हटलं, "डॉक्टर, कीड लागली होती तेव्हासुद्धा इथे घास अडकत नव्हता." तेव्हा मला सांगण्यात आलं की पुन्हा भरायचं तर पूर्ण चार्ज पडेल. फट ठेवून दिलेल्या कामाचे पैसे दोनदा घ्यायचे हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. कॉम्पोझिट कधी ना कधी झिजतं, तुटतं, हे मान्य. पण फिलिंगची ही बाजूची भिंत पहिल्या दिवसापासून शेजारच्या दाढेला टेकतच नव्हती.

तोवर माझं मत पक्कं झालं होतं की हे पांढरं मटेरियलच निकृष्ट, जुनी चांदीच, म्हणजे पारा मिसळलेलं चांदीच्या रंगाचं फिलिंगच बरं. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून नीट समजावलं तेव्हा ते मत बरंच बदललं. चांदी भरताना ती दाबून दाबून बसवतात, त्या दाबाने, भरताना साच्यासारखी दाढेभोवती लावलेली धातूची पट्टी शेजारच्या दाताला जाऊन भिडते. कॉम्पोझिट मऊ असतं, ते पट्टीला ढकलत नाही. शिवाय पट्टीला स्वतःची जाडी असते, ती काढली की तेवढी जागा मोकळी राहते. म्हणून दोन दाढांच्या मधे पाचर मारायची आणि वरून स्प्रिंगसारखी रिंग बसवून दाढा क्षणभर एकमेकींपासून दूर करायच्या. रिंग काढली की दाढा जागेवर येतात आणि नवी भिंत शेजारणीला घट्ट टेकते. याला वेळ लागतो आणि हात बसलेला लागतो. म्हणजे माझ्या तक्रारीचं मूळ मटेरियलमधे थोडं आणि घाईत जास्त होतं.

अशी फट वरून डागडुजी करून सहसा बुजत नाही, ती बाजू काढून नव्याने बांधावी लागते. त्याचे २,२०० रुपये गेले, आणि ते मी आनंदाने दिले. पाचर मारताना हिरडी चांगलीच दाबली जाते, तेवढं सहन करावं लागतं. खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांनी स्वतः धागा घालून दाखवला. टक्! त्या आवाजाने मला जेवढं समाधान मिळालं तेवढं पांढऱ्या रंगाने कधी मिळालं नव्हतं. दोन दाढांच्या मधली बाजू भरून घेणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी मागून घ्यावी. भूल असली तरी चालते, कारण आवाज आणि अडथळा डॉक्टरांच्या बोटांना कळतो. नंतर सांगितलं तर "सवय" ऐकावं लागतं. फट तशीच ठेवली तर हिरडी खाली सरकू शकते, आतलं हाड झिजू शकतं आणि फिलिंगच्या कडेखाली नवी कीड धरू शकते. मग रूट कॅनॉलचा वाचवलेला खर्च परत दारात उभा.

हिरडी काही आठवड्यांत पूर्ववत झाली. शेंगाची चटणी रोज आहे. हळदीमुळे फिलिंगच्या कडेला किंचित पिवळसर झाक आली आहे, पण मागच्या दाढेत कोण बघतंय? पॉलिशवर मी पैसे घालणार नाही.

आईच्या दाढेत मात्र जुनी चांदी आहे आणि तीही काढून पांढरं भरून घ्या असं तिला सुचवण्यात आलं. चांदीच्या त्या मिश्रणात जवळपास निम्मा पारा असतो, हे खरं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ते भरणं अपवाद सोडून बंद केलं आहे, हेही खरं. पण तोंडात आधीपासून असलेली, कड न सुटलेली चांदी काढा असं तो नियम सांगत नाही. उलट ती कोरून काढताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि चांगला दातही थोडा जातो. आईची दाढ दुखत नाही, घास अडकत नाही, धागा टक् करून जातो. ती आम्ही आहे तशीच ठेवतो आहोत.