‘एअर अमेरिका’ की ‘अमेरिकन मेड’: आधी कोणता बघाल?

अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेसाठी चोरून विमानं उडवणारे वैमानिक, थरार आणि हशा, हे दोन्ही चित्रपटांत आहे. लांबीही सारखीच, दोन तासांच्या किंचित आत. एकाच रात्रीला वेळ असेल तर निवड करावी लागते.

‘एअर अमेरिका’ (1990) 1969 च्या लाओसमध्ये घडतो. 1962 च्या जिनिव्हा कराराने हा देश तटस्थ ठरला होता, त्यामुळे अमेरिकेला तिथे उघड सैन्य ठेवता येईना. मग सीआयएच्या मालकीची, कागदोपत्री नागरी असलेली ‘एअर अमेरिका’ ही विमान कंपनी डोंगरातल्या, कम्युनिस्टांशी लढणाऱ्या ह्मोंग जमातीच्या लढवय्यांना तांदूळ आणि शस्त्रं पोचवू लागली. शस्त्रांना सांकेतिक नाव होतं ‘हार्ड राइस’, म्हणजे कडक तांदूळ! मेल गिब्सन मुरलेला वैमानिक, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर लॉस एंजेलिसहून आलेला नवखा. दोघांची जुगलबंदी मस्त आहे. पण खरा जीव उड्डाणांत आहे: चित्रीकरण थायलंडच्या डोंगरात, विमानं खरी, धावपट्ट्या आखूड. विमानवेड्याने एवढ्यासाठीही बघावा. पटकथा मात्र विसविशीत. अफूच्या धंद्याकडे वळल्यावर सूर हलतो. आणि मला सलतं ते हे, की 1964 ते 1973 मध्ये ज्या लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, तिथली माणसं इथे बहुतेक वेळ पार्श्वभूमीलाच उभी आहेत.

‘अमेरिकन मेड’ (2017) जास्त घट्ट विणलेला. टॉम क्रूझचा बॅरी सील आधी मध्य अमेरिकेत टेहळणीचे फोटो काढतो, मग कोलंबियातल्या मेडेयीनच्या टोळीचं कोकेन आणि निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांची शस्त्रं वाहतो. घरात नोटा ठेवायला जागा उरत नाही, तो भाग धमाल. आखूड धावपट्टीवरून जड विमान झाडांच्या शेंड्यांवरून काढतो तेव्हा तर श्वास अडकतो. सील खरा माणूस. 1986 मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूज शहरात त्याची हत्या झाली. पण चित्रपटाने त्याला फारच लाडका केलाय, आयुष्यही बरंच बदललंय. इतिहास म्हणून घेऊ नका.

शिव्या दोन्हींत भरपूर, मुलांसोबत नको. मित्रांबरोबर वेगवान गोष्ट हवी असेल तर ‘अमेरिकन मेड’ लावा. मी मात्र ‘एअर अमेरिका’च आधी सुचवेन: कोकेनच्या टोळ्यांवर चित्रपट पुष्कळ झाले, लाओसच्या त्या आकाशावर फार थोडे.