नानांची पापणी, एक मोजपट्टी आणि जळगावचा हा दवाखाना (५ पैकी ४ स्टार)

मी सहसा रिव्ह्यूच्या भानगडीत पडत नाही, पण गेले चार महिने माहेरचे, सासरचे, कॉलनीतले सगळे एकच विचारतात की नानांच्या डोळ्याचं नक्की काय केलं, किती टाके पडले, दुखलं का. तर आता एकदाच सगळं लिहून टाकते, यापुढे विचारलं की हेच पाठवणार.

नाना म्हणजे माझे वडील, वय ७१, एसटीत ड्रायव्हर होते, आता अमळनेरला असतात. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, नजर मस्त आली, पण त्यानंतर उजवी पापणी हळूहळू खाली यायला लागली. आमच्या लक्षातच नाही आलं. भाच्याच्या साखरपुड्याच्या फोटोत सगळे म्हणाले नाना झोपले की काय, मग जुने फोटो काढून बघितले तर दर फोटोत पापणी जरा जरा खालीच. पेपर वाचताना हनुवटी वर, कपाळभर आठ्या, आणि बारीक अक्षर आलं की एका हातात पेपर आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी उचलून धरलेली. काही बोलायला जावं तर "माले समदं दिसस" आणि विषय बंद.

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. चकाचक रिसेप्शन, कॉफीचं मशीन, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच नानांकडे बघितलं आणि म्हणाले वयामुळे कातडी लोंबलीये, ब्लेफरोप्लास्टी (पापणीची जादा कातडी कापायचं ऑपरेशन) करून टाकू, दोन्ही डोळ्यांचं पॅकेज आहे, या आठवड्यात बुक केलं तर डिस्काउंट. डिस्काउंट म्हटल्यावर नाना उठलेच. बाहेर आल्यावर म्हणे, "हाऊ काय साड्यासना सेल शे का?"

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून इथे आलो. इथल्या मॅडम पापण्यांचंच काम करतात, ऑक्युलोप्लास्टी म्हणतात त्याला, डोळ्यांच्या डॉक्टरांतही हे वेगळं शिक्षण असतं हे मला तेव्हाच कळलं. जागा साधीच आहे, पण मॅडमनी पहिल्या भेटीत पाऊण तास दिला आणि त्यातला निम्मा वेळ एका प्लास्टिकच्या मोजपट्टीवर गेला. शाळेच्या कंपासपेटीतली असते ना तशीच.

आधी टॉर्च मारला, बुबुळावर उजेडाचा ठिपका पडतो तिथपासून पापणीच्या कडेपर्यंत किती अंतर ते मोजलं. नॉर्मल ४ ते ५ मिमी असतं, नानांचं उजवीकडे १ आणि डावीकडे ३. मग अंगठ्याने भुवई घट्ट दाबून धरली आणि म्हणाल्या, काका पूर्ण खाली बघा, आता पूर्ण वर. भुवई दाबायची कारण माणूस नकळत कपाळाने पापणी ओढतो (म्हणून त्या आठ्या!) आणि माप चुकतं. पापणी १३ मिमी चालली. मॅडम म्हणाल्या म्हणजे पापणी उचलणारा स्नायू चांगला आहे, पण तो पापणीला ज्या पातळ पडद्याने जोडलेला असतो तो पडदा सैल होऊन सुटत आलाय. वयाने होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काहींना होतं, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनाही होतं. नाना पटकन म्हणाले, म्हणजे क्लच चांगला आहे, वायर सैल झालीये. मॅडम म्हणाल्या अगदी बरोबर, आता हे मी पुढच्या पेशंटला सांगणार. तिथून पुढे नाना त्यांचे फॅन.

आता यात मुद्दा असा की जादा कातडी आणि पडलेली पापणी ही दोन वेगळी दुखणी आहेत. ब्लेफरोप्लास्टीत कातडी कापतात, वायर कोणी हातात घेत नाही. नानांची तेवढीच केली असती तर पैसे जाऊन पापणी होती तिथेच राहिली असती. कातडी थोडी जादा होतीच, ती मॅडमनी त्याच कापातून काढून टाकली.

पण लगेच ऑपरेशनची तारीख नाही दिली. संध्याकाळी पापणी जास्त पडते का, एकाचे दोन दिसतात का, गिळायला त्रास होतो का असं सगळं विचारलं. मी म्हटलं संध्याकाळी जरा जास्तच वाटते, तर रबरी हातमोज्यात बर्फ घालून दोन मिनिटं बंद डोळ्यावर ठेवला. बर्फाने पापणी चांगली उचलली गेली तर मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर थकतात त्या आजाराचा, संशय घेतात आणि मग सुरीऐवजी आधी रक्ताच्या तपासण्या आणि औषधं. नानांना काही फरक पडला नाही, फक्त शर्ट भिजला. अजून एक सांगितलं ते नीट वाचा: पापणी एकदम एक-दोन दिवसांत पडली, सोबत डोकं दुखतंय किंवा दोन दोन दिसतंय किंवा एक बाहुली मोठी झालीये, तर पापणीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, मेंदूकडच्या नसेचा मामला असू शकतो.

मग फेनिलेफ्रिनचे थेंब टाकून बाहेर बसवलं. त्या थेंबांनी पापणी छान वर आली तर पापणी उलटून आतल्या बाजूने छोटं ऑपरेशन करता येतं, बाहेरून कातडीवर काप नाही. थोडीशीच पडलेली असेल त्यांना ते बरं. नानांची जेमतेम हलली, म्हणून बाहेरून, पापणीच्या घडीतूनच काप घेऊन तो सुटलेला पडदा पुढे ओढून परत शिवायचा असं ठरलं.

थेंब टाकून बसलो होतो तेव्हा शेजारी यावलकडची एक ताई, मांडीवर तिचा अडीच वर्षांचा मुलगा. त्याची एक पापणी जन्मापासूनच बाहुलीवर. त्याच्यात स्नायूच कमजोर, मोजलं तर पापणी ३ मिमीच चालली, म्हणजे वायर आवळून काय उपयोग. अशांना पापणी दोऱ्यासारख्या सिलिकॉनने भुवईच्या स्नायूला बांधतात, जरा मोठी मुलं असली की त्यांच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टीही काढून वापरतात. मग कपाळ वर केलं की डोळा उघडतो, झोपेत थोडा उघडा राहतो, म्हणून रात्री मलम. तिची सासू म्हणत होती मोठा झाल्यावर करू, आत्ता काय दिसण्याचं पडलंय, पण बाहुली झाकलेली राहिली तर त्या डोळ्याची नजरच तयार होत नाही हे मॅडमनी तिला तीनदा सांगितलं. ती घरच्यांशी फोनवर भांडत होती आणि बरोबर भांडत होती.

नानांच्या डाव्या डोळ्याचं मात्र आमचं अडलं. मॅडमनी उजवी पापणी बोटाने उचलून दाखवली तर डावी आपोआप जराशी खाली आली. दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम एकच जातो, पडलेलीला उचलायला तो जोर लावतो त्यात दुसरीही उचललेली राहते, एकीचं काम झालं की दुसरी सैलावते. दोन्ही एकदम करा किंवा एक करून थांबून बघा, निर्णय तुमचा. नाना म्हणाले एकच.

ऑपरेशन जानेवारीत झालं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, ती स्वतःहून बंद करायची नाही, हार्टवाल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाल्या, त्यात आठवडा गेला. भूल फक्त पापणीपुरती, माणूस जागा. अर्ध्यात नानांना टेबलावर उठवून बसवलं, समोर बघा म्हणाल्या, उंची बघून टाका सैल केला, परत झोपवलं, परत बसवलं. नाना म्हणतात हे तर डेपोत ट्रायल घेतात तसं. इंजेक्शन तेवढं जोरात टोचतं, ते खोटं सांगत नाही.

पहिले दोन दिवस बर्फ, डोळा जांभळा, सातव्या दिवशी टाके काढले. सुरुवातीला डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो, म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम. कोरडेपणा किती आहे ते आधीच कागदाची पट्टी पापणीत अडकवून पाच मिनिटं बघितलं होतं. खरी पंचाईत वेगळीच, ऐन भरिताचा सीझन, मळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायला सगळे जमलेले आणि नानांना धुराजवळ जायला बंदी. खाटेवर लांब बसून सगळ्यांना सूचना देत होते, कळण्याची भाकरी तिथेच नेऊन दिली.

आता चार महिने झाले. उजवी पापणी व्यवस्थित, व्रण घडीत लपलाय. डावी थोडी खाली वाटते, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, नानांना पर्वा नाही. गंमत म्हणजे पेपर वाचताना बोट अजून डोळ्याकडे जातं, मग आठवतं आणि चष्मा सरळ करायचं नाटक करतात.

एक स्टार कापला तो वेटिंगचा. ११ ची वेळ देऊन दीडला आत घेतात, जिना उभा, लिफ्ट नाही. आणि विम्याची फाइल. पापणीचं ऑपरेशन म्हटलं की कंपनी आधी कॉस्मेटिक म्हणते, त्यासाठी पापणी चिकटपट्टीने वर करून आणि तशीच ठेवून असा दोनदा फिल्ड टेस्ट काढतात, म्हणजे वरची नजर किती अडते ते कागदावर येतं. तो रिपोर्ट आणि ऑपरेशनआधीचे फोटो इथल्या काउंटरवाल्यांनी फाइलला लावलेच नव्हते, मला जळगावातच राहून तीन चकरा पडल्या. डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.