लोकमान्य नगर ते पलासिया, सायकलवर आठ महिने

इंदूरला लोकमान्य नगरात राहते, पलासियाजवळ एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आठवडाभर आधी, सात गियरची हायब्रिड सायकल घेतली आणि स्कूटी फक्त भाजी-बाजारापुरती ठेवली. आज मीटरवर 2,180 किलोमीटर दिसतात. एका बाजूचं अंतर सात किलोमीटर, म्हणजे दीडशेच्या वर दिवस गेले-आले. ओळखीतल्या तीन-चार जणींनी "जमतं का गं, खरं सांग" असं विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सायकलबद्दल, कारण ते थोडक्यात आटपतं. सायकल 14,500 ची, वर हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, मडगार्ड आणि कॅरियर. गियर सात असले तरी माझे तीनच वापरले जातात. माणिकबागचा पूल चढताना खालचा लागतो, बाकी रस्ता सपाटच म्हणायचा. मागच्या चाकाला एकदा आऊट आला, म्हणजे ते वाकडं फिरू लागलं, दोनदा चेन उतरली, पंक्चर आठ महिन्यांत दोन. वेळ सकाळी पस्तीस मिनिटं लागतात, स्कूटीवर ऑफिसच्या गर्दीत पंचवीस ते तीस लागायची. पेट्रोलचे सुमारे पाच हजार वाचले. गुडघे दुखतील असं वाटलं होतं, ते सीट दोन बोटं वर घेतल्यावर थांबलं.

दोनच पंक्चर झाल्या याचं श्रेय मी शहराच्या सफाईला देते. आपण 2017 पासून देशात पहिले, हे सगळे अभिमानानं सांगतात. सायकलवालीला त्याचा अर्थ वेगळ्याच जागी कळतो. सायकल रस्त्याच्या कडेनं चालते, आणि काचा, खिळे, खडी हे सगळं गाड्यांच्या चाकांनी उडून कडेलाच जमा होतं. इथे रात्री झाडझूड होते, म्हणून सकाळी साडेनऊला कड स्वच्छ मिळते. पण जिथे सायकलसाठी वेगळा पट्टा आहे आणि मध्ये दगडी कड आहे, तिथे झाडणारी मोठी गाडी शिरू शकत नाही. तिथे कोणीतरी हातानं झाडलं तरच तो पट्टा वापरण्याजोगा राहतो. माझी दुसरी पंक्चर अशाच तुकड्यात झाली. वेगळा पट्टा मागताना त्याच्या झाडूचीही सोय मागायला हवी, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट, रस्ता. घरून केसरबाग रोड, माणिकबाग, टॉवर चौराहा, तिथून नवलखा आणि मग एबी (आग्रा-मुंबई) रोडनं सरळ पलासिया. नवलख्यापर्यंत गाड्यांत मिसळूनच चालावं लागतं, आणि खरं सांगते, तिथे मला फारशी भीती वाटत नाही. वेग सगळ्यांचाच कमी, कोणी ना कोणी थांबतंच. भीती एबी रोडवर वाटते. हा तोच रस्ता जिथे 2013 मध्ये फक्त बससाठी राखलेल्या मधल्या लेनमधून आय-बस ही शहर बससेवा सुरू झाली होती. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर. मूळ आराखड्यात मध्ये बस, दोन्ही बाजूंना इतर वाहनं आणि अगदी कडेला सायकल ट्रॅक व फुटपाथ असं होतं. या बस लेनची रेलिंग काढायला फेब्रुवारी 2025 मध्ये सुरुवात झाली. मी सायकल घेतली ती त्यानंतर, त्यामुळे बसची लेन हवी की नको हा वाद माझा नाही. मला दिसतात ते कडेच्या ट्रॅकचे उरलेले तुकडे.

हे तुकडे जिथे धड आहेत तिथे चालवण्यात जे सुख आहे ते मला शब्दांत मांडणं कठीण जातं. कानामागे हॉर्न येतो पण अंगावर येत नाही. खांदे सैल होतात, मागे वळून बघावं लागत नाही. डिसेंबरच्या सकाळी अशा तुकड्यातून जाताना मी गुणगुणते हे माझ्या लक्षात आलं, आणि स्कूटीवर गेल्या दहा वर्षांत मी कधी गुणगुणले नव्हते. पांढऱ्या रेघेनं आखलेल्या पट्ट्यात हे होत नाही. रेघ कोणालाही ओलांडता येते, आणि ओलांडली जाते. दुकानासमोर गाडी लावायला ती रेघ म्हणजे आखून दिलेली जागाच. वीतभर उंचीची सलग दगडी कड चारचाकी ओलांडत नाही. दुचाकी मात्र अडत नाही, ती पट्ट्याच्या तोंडाशी रोवलेल्या खुंट्यांच्या मधून शिरते. दोन खुंट्यांतलं अंतर व्हीलचेअर जाईल इतकं ठेवावंच लागतं, आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटीही जाते. म्हणून खुंट्यांनी सगळं सुटेल असं मी मानत नाही. आत समोरून येणाऱ्या सायकली, चालणारी माणसं इतकी असतील की स्कूटीवाल्याला शिरायची हिंमत होणार नाही, ही खरी राखण. त्यासाठी पट्टा किमान इतका रुंद हवा की एक सायकल दुसरीला अंग न चोरता ओलांडू शकेल.

पण कड कितीही चांगली असली तरी ती चौराह्यापाशी संपते. आणि संपते तिथेच सगळा धोका उभा असतो. जानेवारीत एका चौराह्यावर मी सरळ जात होते, सिग्नल हिरवा होता. माझ्या उजवीकडून एक लोडिंग गाडी आली आणि माझ्यापुढून डावीकडे वळली. ब्रेक दाबला, चाक सरकलं, मी डाव्या कुशीवर पडले. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं. गाडीवाला थांबला, उतरला, हात जोडून म्हणाला, "ताई, दिसलाच नाहीत हो." मी रागावले होते, पण घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, तो खोटं बोलत नव्हता. शेवटचे वीस-तीस मीटर मी पट्ट्याच्या आत, पार्क केलेल्या गाड्यांच्या आड होते. पट्टा संपला आणि मी एकदम त्याच्या डाव्या चाकापाशी प्रकट झाले. आपल्याकडे पुष्कळ चौराह्यांवर "लेफ्ट टर्न फ्री" असतो, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला थांबायचंच नसतं. सरळ जाणारी सायकल आणि न थांबता डावीकडे वळणारी गाडी यांचा रस्ता तिथे एकमेकांना कापतो.

त्यानंतर मी यावर बरंच वाचलं. नेदरलँड्समध्ये वाहनं उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे त्यांचं उजवं वळण ते आपलं डावं. तिथे कोपऱ्यावर एक छोटं बेट बांधतात, ज्यामुळे गाडीला वळताना वेग कमी करावाच लागतो. सायकलची वाट चौकापासून साधारण एका गाडीच्या लांबीइतकी मागे, बाजूच्या रस्त्याच्या आत घेतात, म्हणजे गाडी आधी वळते, सरळ होते, आणि मग समोर, काचेतून, सायकलवाला दिसतो. बाजूच्या आरशात शोधावा लागत नाही. थांबायची रेघही सायकलची पुढे आणि गाडीची मागे. यात फार खर्चिक असं काही नाही, दगड आणि रेघाच आहेत. वेगाचं गणितही साधं आहे: तीसच्या ऐवजी पन्नासच्या वेगानं आलेल्या गाडीच्या धडकेत साधारण पावणेतीनपट ऊर्जा असते. म्हणून वळणावरचा वेग उतरवणं हे मला आता सरळ रस्त्यावरच्या ट्रॅकइतकंच, किंबहुना थोडं जास्तच महत्त्वाचं वाटतं.

सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते, ती 1991 मध्ये बंद होईपर्यंत. रोज सायकलनं जायचे. माझं कोपर पाहून ते म्हणाले, "आमच्या वेळी ट्रॅक नव्हता, पण पाळी सुटली की सगळा रस्ताच सायकलींचा. वळणाऱ्याच्या डोळ्यात बघितल्याशिवाय पाय मारायचा नाही." ते मी आता अक्षरशः पाळते. चौराह्याच्या आधी पट्ट्यातून वेळेवर बाहेर येते, डाव्या लेनच्या मध्यावर उभी राहते, मागच्याला दिसेन अशी. हॉर्न वाजतात. वाजू देते. पण हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी जमतं. जिला आज पहिल्यांदा सायकल काढायची आहे तिला कसं जमणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

उन्हाचं विचाराल तर मे महिना कठीण गेला. सकाळी साडेआठलाच निघायचे, ऑफिसात पोहोचून कुर्ता बदलायचे, संध्याकाळी सातनंतर परत. तीन आठवडे दुपारच्या कामांसाठी स्कूटीच काढली. तरी "इंदुरात एवढ्या उन्हात कोण सायकल चालवणार" हे मला पटत नाही. स्पेनमधलं सेव्हिल उन्हाळ्यात आपल्यासारखंच चाळिशी ओलांडतं. तिथे 2006-07 च्या सुमारास साधारण 80 किलोमीटरचे वेगळे मार्ग एका दमात बांधले, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडून बांधले. पुढच्या काही वर्षांत सायकलवाले कित्येक पटींनी वाढले. आपल्याकडे एक तुकडा इथे, एक तिथे, आणि मधल्या चौराह्यावर देवाचं नाव. असे पाच तुकडे मोजून कोणी "पाच किलोमीटर ट्रॅक" म्हणालं तर माझ्या लेखी तो शून्यच, कारण माणूस अख्खा प्रवास करतो, तुकड्यांचा नाही.

माझं मागणं छोटं आहे. एबी रोडच्या मध्यातून जी जागा मोकळी होते आहे, ती सगळी गाड्यांना देऊ नये. नवलखा ते पलासिया, दोन्ही कडांना दोन-दोन मीटर सलग मिळावेत, आणि जीपीओ, शिवाजी वाटिका, गीता भवन, पलासिया या चौराह्यांवर "लेफ्ट फ्री" बंद करून कोपरे नीट बांधावेत. सुरुवात फक्त गीता भवनपासून केली तरी चालेल. दवाखान्यांमुळे पायी चालणारेही तिथे खूप असतात, त्यांनाही तोच कोपरा उपयोगी पडेल.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी एवढंच: पहिले दोन आठवडे रविवारी सकाळी आपला रस्ता चालवून बघा, गटारांची जाळीची झाकणं कुठे आहेत ते लक्षात ठेवा. ज्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनं आहेत, तिथे पातळ टायर अडकतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. हवा दर सोमवारी बघा. आमच्या गल्लीतला सायकलवाला सांगतो की पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची, पकड चांगली राहते. पाऊस लागायच्या आत ब्रेकचे गुटके बदलून घेते आहे, आणि मागच्या मडगार्डला रबराची पट्टी लावायला सांगितलं आहे, गुरुवारी मिळेल.