चाफ्याच्या शालीची लोकर

आईच्या पंचाहत्तरीसाठी पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्यांची जाळीदार शाल विणायला ही मेरिनो-रेशीम लोकर मागवली. 50 ग्रॅमच्या दोन लडी, प्रत्येकी 400 मीटर. साडेतीन मिलिमीटरच्या सुईवर सुरेख सरकते. पाचवी पाकळी मी तीनदा उसवली, तरी धागा पिंजला नाही.

दुसरी लड मात्र किंचित पिवळट निघाली आणि दुकानदाराने बदलून दिली नाही. याचा फार राग आला. शेवटी फरक उठून दिसू नये म्हणून दोन्ही लडींच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणल्या. लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लडींचा क्रमांक, बघूनच घ्या.

सुईवर शाल नुसता चुरगळलेला बोळा दिसत होती. ओली करून गादीवर टाचण्यांनी ताणली, आणि सकाळी एकेक पाकळी उमललेली! आईने आधी ती नाकाशीच नेली.