टंबलरच्या किटवाल्याने लावलेला चुना

स्टीलच्या स्कूबा टाक्यांचा (पाण्याखाली श्वास घ्यायला हवा भरून नेतात त्या) आतला गंज काढायला घरी टंबलर बनवणार असाल आणि ऑनलाइन कोणी "तयार किट" विकताना दिसला तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मोटर, रोलर, बेल्ट, मीडियाची म्हणजे घासायच्या खड्यांची गोणी आणि वर गंज काढायची पावडर फुकट असं पॅकेज मी घेतलं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल तो माणूस खरं बोलला नव्हता. साधा चोर परवडला, हा तर फसवतानाच वर शिकवतो.

मुळात टंबलरमध्ये फार डोकं लावायचं काम नाही. दोन समांतर रोलर, त्यावर टाकी आडवी, आत अर्ध्यापर्यंत खडे, ते बुडतील एवढं पाणी, व्हॉल्व्हच्या जागी बूच, आणि टाकी सावकाश फिरत ठेवायची. खडे भिंतीला धरून थोडे वर चढतात आणि खाली घसरतात, गंज निघतो तो त्या घसरण्यात. म्हणून स्पीड महत्त्वाचा, मिनिटाला २० ते ४० फेरे बास. साधारण सव्वासात इंच व्यासाच्या टाकीत शंभर फेऱ्यांच्या पुढे गेलात की खडे भिंतीलाच चिकटून टाकीबरोबर गोल फिरतात, घासणं शून्य.

आता जाहिरातीत "गिअर मोटर" लिहिलेलं, आली ती साधी मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, गिअरबॉक्सचा पत्ता नाही, रोलरवर मोटरएवढीच पुली. म्हणजे रोलर ५० एमएमचा धरला तर टाकी चारशेच्या आसपास फिरणार. चालू केली तर पहिले काही सेकंद खडखड आणि मग आवाजच बंद, आणि टाकी रोलरवरून एका बाजूला सरकायला लागली, लगेच बंद केली. त्याला फोन केला तर म्हणतो, "सर, सायलेंट मॉडेल आहे, लोक याचेच जास्त पैसे देतात." टंबलर चालताना खडखडलाच पाहिजे हो, आवाज नाही म्हणजे काम नाही! ते मी मधे अजून एक शाफ्ट आणि मोठ्या पुल्या टाकून निभावलं.

खरा खेळ गोणीत होता. तो म्हणे खडे शुद्ध फ्यूज्ड (वितळवून बनवलेल्या) अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे आहेत, आणि पावडर टाकलीत की फेस येईल, फेस आला म्हणजे गंज निघतोय, जितका फेस जास्त तितकी टाकी स्वच्छ. व्हिडिओत पण तसंच, बादलीत खडे, पाणी, पावडर आणि वर फसफसून आलेला फेस, बघणारा एकदम खुश. माझ्याकडेही फेस आला, खोटं कशाला बोलू. काही तास फिरवून बूच सैल केलं तर फुस्सकन गॅस सुटला, बूच हातातून उडायचंच बाकी होतं, आणि मागोमाग पांढरट चिखल. खडे हातात घेतले तर सगळ्या कडा गोल झालेल्या, वरचा तपकिरी रंग धुवून गेलेला, आतून चक्क पांढरे. संगमरवराचा चुरा रंगवून दिला होता! आणि पावडर आम्लाची, लिटमस पेपर बुडवला तर लालभडक.

म्हणजे तो फेस गंजाचा नव्हताच, आम्ल संगमरवराला खात होतं त्याचा कार्बन डायऑक्साइड होता. उघड्या बादलीत छान दिसतो, बूच लावलेल्या टाकीत तोच दाब होऊन बसतो. वर उघड्या स्टीलवर आम्ल लागलं की हायड्रोजन सुटतो तो वेगळाच, आणि असल्या ताकदीच्या स्टीलमध्ये हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं. ज्या टाकीत २०० बार हवा भरायची तिच्यात हे प्रयोग! पाण्यात घालायचं ते रस्ट इनहिबिटर असतं, ते गंज धरू देत नाही, आम्लाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

परत फोन केला तर उत्तर तयारच, तुमच्या टाकीलाच गंज जास्त होता. मग फोटो पाठवले, मग ब्लॉक. आता तेच किट दुसऱ्या नावाने विकतोय आणि जाहिरातीत आता "डबल फोम" लिहिलंय.

खडे ओळखायचे कसे ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. एका खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर संगमरवर. लोखंडी खिळ्याने ओरखडा काढून बघा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर खिळाच झिजेल, खड्याला काही होणार नाही, संगमरवरावर लगेच रेघ उठते. आणि फ्यूज्ड म्हणून विकत असेल तर वजन करा, मोजपात्रात पाणी किती चढतं ते बघून ग्रॅमला मिलिलिटरने भागा, ३.९ च्या जवळ यायला पाहिजे, माझे २.७ आले. (मातीत बांधलेले सिरॅमिक खडे पण मिळतात, ते हलकेच असतात आणि काम चांगलं करतात, पण मग विकणाऱ्याने तसं सांगावं.) मोटरच्या प्लेटचा फोटो मागवा, गिअरबॉक्सनंतरचा आरपीएम विचारा. आणि टंबलर चालतानाचा व्हिडिओ आवाजासकट मागा, म्युझिक लावलेला नको.

माझी टाकी खूप वेळा धुतली, शेवटी गरम पाणी आणि लगेच कोरडी हवा, कारण ओली राहिली की बघता बघता परत तांबूस होते, आणि बंद टाकीत गंज चढताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खातो, ती हवा श्वासाला घेणं म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी आत सोडून बघितलं तर तळाशी बारीक खड्ड्यांची रांग दिसतेय. ते आम्लाने केलं की आधीचेच गंजाखाली लपलेले होते हे आता कोण सांगणार. हायड्रो टेस्टमध्ये (पाणी भरून दाब देतात ती) टाकी दाबाखाली किती फुगते ते कळतं, खड्ड्यांसाठी डोळ्यांनीच तपासावी लागते, म्हणून दोन्ही करायला दिलीय आणि आत आम्ल गेलं होतं हे तिथे आधीच सांगून ठेवलंय. तुमच्याकडेही ती पावडर पोचली असेल तर तपासणाऱ्याला हे नक्की सांगा, आणि तोपर्यंत टाकी भरू नका.