खेड्यातलं चर्च : चार स्टार, एक पंख्यापायी कापला

बदली होऊन परतवाड्याकडल्या खेड्यात आलो तवा ओळखीचं कोणीच नव्हतं, रविवारी नुसता मोबाईल घेऊन पडून राहाचो. शेजारच्या मावशी म्हणे चाल बाप्पा चर्चले, गेलो. मले वाटलं पियानो-बियानो, सूटबूट असन, तं इथं चपला बाहेर, खाली सतरंजी, पेटी, ढोलक आन् टाळ! रेव्हरंड टिळकांची (तेच ते नारायण वामन, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले) भजनं सुरू झाली का आपल्या गावच्या भजनी मंडळातच बसल्यावानी वाटते. एका आजीनं तेलकट पानांचं आपलं गीतांचं पुस्तक माह्याकडं सरकवलं, बोट ठेवून ओळ दाखवली, तिले तं सारं पाठच होतं.

मंग दोन रविवार तापात होतो तं पाळक साहेब (चर्चचे पाद्री) मोटरसायकलवर घरी, मांग मावशी, हातात खिचडी-कढीचा डबा. आता रस्त्यानं कोणी ना कोणी "जय ख्रिस्त" म्हणतेच.

तक्रार एकच, संदेश (म्हंजे प्रवचन) लय लांबते आन् मे महिन्यात एकच पंखा, तो बी पाळक साहेबाकडं तोंड करून. नवीन असान तं समोर बसू नका, साक्ष द्याले, म्हंजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते साऱ्यायसमोर सांगाले, उभं करतात.